महापालिकेला राज्याच्या प्लास्टिकबंदीपेक्षा वेगळा नियम करता येतो का?

नेरुळ_पूर्व (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नेरुळमधल्या काही सोसायट्या आणि सेक्टरमधले दुकानदार मिळून विभाग कार्यालयाला एक निवेदन देणार आहेत. मसुद्यात सध्या तीन मागण्या आहेत आणि त्या एकमेकींना छेद देतात.

सोसायट्यांचं म्हणणं, महापालिकेने आपल्या हद्दीत नॉनवोव्हन (कापडासारख्या दिसणाऱ्या) पिशव्या आणि आतून प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी पिशव्यासुद्धा बंद कराव्यात. काही सदस्यांचं म्हणणं, बंदीने काही होत नाही, प्रत्येक पिशवीमागे दहा रुपये महापालिकेने घ्यावेत आणि ते प्रभागातल्या कचरा वर्गीकरणावर खर्च करावेत. दुकानदार म्हणतात, केंद्र सरकारने १२० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पिशवी चालेल असं सांगितलं आहे, तर नवी मुंबई महापालिकेने तेवढी तरी चालू द्यावी.

बैठकीत एकाने अमेरिकेचं उदाहरण दिलं. तिथे काही राज्यांनी कायदाच केलाय की शहरांनी पिशव्यांवर स्वतःचे नियम करायचे नाहीत. आपल्याकडे असा अटकाव आहे का? विटाव्याला ठाणे महापालिका संपते आणि दिघ्याला नवी मुंबई सुरू होते. मधल्या रस्त्यावर भाजी विकणाऱ्याला दोन्हीकडे दोन नियम लागू होऊ शकतात का?

तिन्ही मागण्यांपैकी कायद्यात बसणारी कुठली, ती कुणाकडे आणि कशी मांडायची, हे जाणकारांनी सांगावं. भावनेचं निवेदन नको आहे. फाइलला जावक क्रमांक मिळून ती पुढे सरकली पाहिजे.

कलम_वाचक

आधी दुकानदारांच्या मागणीचं उत्तर, कारण ते सगळ्यात सोपं आहे. नाही, महापालिका १२० मायक्रॉनची पिशवी चालू देऊ शकत नाही.

इथे दोन वेगळे कायदे एकाच पिशवीला लागू होतात. केंद्राचे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली आहेत. त्यात १२ ऑगस्ट २०२१च्या दुरुस्तीने पिशवीची किमान जाडी ५० मायक्रॉनवरून ३० सप्टेंबर २०२१पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२पासून १२० मायक्रॉन झाली. राज्याची बंदी आहे महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम, २००६ खाली काढलेल्या २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने. तिच्यात हँडल असलेल्या आणि नसलेल्या प्लास्टिक पिशव्या बंद आहेत, मग जाडी कितीही असो.

दुकानदारांची गफलत इथे होते. १२० मायक्रॉन ही देशभरातली किमान अट आहे. त्यापेक्षा पातळ पिशवी कुठेच चालणार नाही, एवढाच तिचा अर्थ. त्यापेक्षा जाड पिशवी प्रत्येक राज्याने चालू दिलीच पाहिजे, असं त्यात म्हटलेलं नाही. म्हणून केंद्राची अट पूर्ण करणारी पिशवीसुद्धा वाशीत किंवा नौपाड्यात दिली तर दंड होतो. २०१८ साली उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. १३ एप्रिल २०१८ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि रियाझ छागला यांच्या खंडपीठाने बंदीला अंतरिम स्थगिती नाकारली. साठा संपवण्यासाठी दिलेली मुदत २३ जून २०१८ला संपली आणि कारवाई सुरू झाली.

दंडाची रक्कमही महापालिकेच्या हातात नाही. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, हे २००६च्या अधिनियमातून येतं. महासभेने ठराव करून हातगाडीवाल्याला दोनशे आणि मॉलला पन्नास हजार असं ठरवलं, तर त्या ठरावाला आधार नाही.

आता सोसायट्यांची मागणी. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात, म्हणजे जुन्या मुंबई प्रांतिक अधिनियम, १९४९ खाली. (मुंबईचा कायदा १८८८चा, वेगळा. तिथले दाखले इथे जसेच्या तसे लावू नका.) या अधिनियमाच्या कलम ४५८ खाली महापालिकेला उपविधी, म्हणजे आपल्या हद्दीपुरते नियम, करता येतात, पण त्याला दोन अटी आहेत. उपविधी अधिनियमाशी विसंगत नको, आणि राज्य शासनाने मान्यता दिल्याशिवाय तो अमलात येत नाही. शिवाय कलम ४५१ खाली महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकार शासनाकडे आहे.

अमेरिकेतल्या राज्यांना शहरांचा हात धरण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे उपविधीची वाटच मंत्रालयातून जाते. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन सहाव्या क्रमांकावर आणि पर्यावरण संरक्षण आठव्या क्रमांकावर आहे, म्हणून शहरांना स्वतंत्र अधिकार आहे, असं बरेचजण लिहितात. कलम २४३-डब्ल्यू (243W) नीट वाचा. तिथे राज्य विधानमंडळ हे अधिकार ‘देऊ शकेल’ असं आहे. अनुसूचीतून आपोआप अधिकार मिळत नाही.

दहा रुपयांची मागणी निवेदनातून काढाच. कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येत नाही, हे घटनेचं कलम २६५. महापालिकेला कुठले कर लावता येतात ते अधिनियमाच्या कलम १२७ मध्ये आहे आणि पिशवीवरचा कर त्यात नावाने नाही. एकेकाळी केंद्राच्या २०१६च्या नियमांत नियम १५ होता. प्लास्टिक पिशवी देऊ इच्छिणाऱ्या दुकानदाराने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करायची आणि वर्षाला किमान ४८,००० रुपये, म्हणजे महिना ४,०००, भरायचे. मार्च २०१८च्या दुरुस्तीत तो नियमच वगळला. जुन्या प्रती अजून फिरतात, त्यावरून ही मागणी आली असेल.

फिल्म_गेज

कायद्याचं वर आलंच आहे. जाडीबद्दल थोडं सांगतो, कारण दुकानात ‘ही १२०ची आहे’ असं छापील अक्षरं दाखवून सांगितलं जातं आणि पथकाशी वाद होतो. केंद्राची अट पिशवीच्या एका थराची आहे. दोन्ही थर एकत्र धरून मोजले की ६० मायक्रॉनची पिशवी १२० दिसते. ही चूक सर्रास होते.

घरच्या वजनकाट्यावर अंदाज काढता येतो. एलडीपीईची, म्हणजे पिशव्यांच्या पॉलिथिनची, घनता ०.९२ धरा. म्हणजे एक चौरस मीटर फिल्म, एक मायक्रॉन जाड, ०.९२ ग्रॅम भरते. १२० मायक्रॉनला चौरस मीटरमागे सुमारे ११० ग्रॅम. ३० बाय ४० सेंटिमीटरची साधी पिशवी म्हणजे दोन थर मिळून ०.२४ चौरस मीटर. तिचं वजन १२० मायक्रॉनला साडेसव्वीस ग्रॅमच्या आसपास, ५० मायक्रॉनला ११ ग्रॅम, २० मायक्रॉनला साडेचार ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो, म्हणून एकसारख्या दहा पिशव्या एकदम ठेवा आणि दहाने भागा.

यात तीन ठिकाणी फसगत होते. पहिली, बाजूला घडी असलेली पिशवी. घडी उघडून रुंदी मोजली नाही तर क्षेत्रफळ कमी धरलं जातं आणि पिशवी आहे त्यापेक्षा जाड वाटते. दुसरी, खडूची भुकटी घातलेली फिल्म. कॅल्शियम कार्बोनेटची घनता २.७ आहे, त्यामुळे पातळ पिशवीसुद्धा वजनाला भरते. पिशवी ताणल्यावर पांढुरकी होऊन पटकन फाटली तर भरणा आहे असं समजा. तिसरी, उठावाची नक्षी असलेली फिल्म. ती वजनाला बरोबर येते, पण मायक्रोमीटर उंचवट्यांवर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो.

वाद पुढे जाणार असेल तर मायक्रोमीटरच हवा, आणि तोही ०.००१ मिलिमीटरपर्यंत वाचणारा. शाळेच्या प्रयोगशाळेतला स्क्रूगेज ०.०१ मिलिमीटरचा असतो, म्हणजे त्याची एक रेघ दहा मायक्रॉनची. एकच थर घ्या, शिवण आणि छपाई टाळा, वेगवेगळ्या दहा ठिकाणी मोजा, रॅचेट (टोकाची कटकट वाजणारी मूठ) फिरवूनच दाब द्या. हाताने आवळला तर फिल्म दबते.

नॉनवोव्हनला मायक्रॉन लावू नका, तिथे चौरस मीटरचं वजन पाहतात. केंद्राची किमान अट ६० ग्रॅम. दहा बाय दहा सेंटिमीटरचे दहा तुकडे कापा, मिळून ६ ग्रॅम भरले पाहिजेत. हँडल आणि शिवणीचा भाग घेऊ नका. आणि सोसायट्यांना हे जरूर सांगा: नॉनवोव्हन म्हणजे कापड नव्हे. ते पॉलिप्रॉपिलिनचे धागे उष्णतेने दाबून केलेलं प्लास्टिक आहे. सुती की प्लास्टिक हे एका धाग्यावर कळतं. ज्योतीजवळ नेला तर सुती धागा जळून राख होते, पॉलिप्रॉपिलिनचा वितळून कडक मणी बनतो.

खाडीकाठ

अमेरिकेचा विषय निघालाय तर तारखा पाहण्यासारख्या आहेत. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने लारेडो शहराची पिशवीबंदी २२ जून २०१८ रोजी रद्द ठरवली. दुसऱ्याच दिवशी, २३ जूनला, महाराष्ट्रात बंदीची कारवाई सुरू झाली. लारेडोचं म्हणणं होतं की पिशव्या नाल्यांत अडकतात. न्यायालयाने पिशवी चांगली की वाईट हे ठरवलंच नाही. टेक्सासच्या घनकचरा कायद्यात १९९३पासून एक कलम आहे, कचऱ्याच्या नावाखाली स्थानिक संस्थांनी ‘डबा किंवा वेष्टन’ यांच्या विक्री-वापरावर बंदी घालू नये, असं. पिशवी त्या शब्दांत बसते, म्हणून बंदी गेली.

मिशिगनने डिसेंबर २०१६ मध्ये असाच कायदा केला. मिनेसोटाने २०१७ मध्ये मिनिआपोलिस शहराची बंदी लागू होण्याआधीच थोपवली. न्यूयॉर्क राज्याने फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यूयॉर्क शहराचं पाच सेंटचं शुल्क अडवलं आणि मग मार्च २०२०पासून राज्यभर स्वतःच बंदी आणली. कोलोरॅडोत उलटा प्रवास आहे. तिथे १९९३पासून शहरांना मनाई होती, २०२१च्या कायद्याने ती उठवायचं ठरलं आणि १ जुलै २०२४पासून शहरं राज्यापेक्षा कडक नियम करू शकतात.

आपल्याला शिकण्यासारखं आहे ते कॅलिफोर्नियाचं. राज्यबंदी करताना त्यांनी १ सप्टेंबर २०१४पूर्वीचे शहरांचे नियम तसेच ठेवले आणि त्यानंतर नव्यांना मनाई केली. पण राज्याच्या कायद्यात जाड पिशवी ‘पुन्हा वापरण्याजोगी’ म्हणून सुटली. सव्वादोन मिल, म्हणजे साधारण ५७ मायक्रॉन. दुकानांनी पातळ पिशवीच्या जागी जाड पिशवी दहा सेंटला विकायला सुरुवात केली, लोकांनी तीही एकदाच वापरून टाकली. ती पळवाट बंद करणारा कायदा २०२४ मध्ये झाला, अंमल २०२६पासून. म्हणून दुकानदारांची १२० मायक्रॉनची मागणी मान्य होण्याजोगी असती तरी मी तिला विरोधच केला असता. वर फिल्म_गेज यांचे आकडे पाहा. वीस मायक्रॉनच्या जागी एकशेवीसची पिशवी म्हणजे प्रत्येक पिशवीमागे सहापट प्लास्टिक, आणि ती सहा वेळा वापरली जाईल याची हमी कुणाचीच नाही.

स्थानिक संस्थेला बोलू द्या असं का म्हणायचं, तर भोग तिच्या वाट्याला येतात. नवी मुंबईत सिडकोने खाडीच्या कडेला धारण तलाव केले. भरतीला त्यांच्या झडपा मिटतात आणि ओहोटीला उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडतात. झडपेत पिशव्यांचा गोळा बसला की ती पूर्ण मिटत नाही, खाडीचं पाणी आत येतं, आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असेल तर सखल सेक्टर पाण्यात जातात. ठाणे खाडीचा भाग २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिवरांच्या श्वसनमुळांना पिशव्या गुंडाळल्या की त्यांना हवा मिळत नाही. राज्यानेही जाडीचा पहिला कडक नियम केला तो २६ जुलै २००५च्या पुरानंतरच. २००६ मध्ये, देशात २० मायक्रॉन चालत असताना, महाराष्ट्राने ५० मायक्रॉन आणि आठ बाय बारा इंच ही किमान अट घातली.

कलम_वाचक

एक मुद्दा राहिला होता. आपल्याकडे अटकाव करणारं कलम आहे आणि ते केंद्राच्या नियमांत आहे. १२ ऑगस्ट २०२१च्या दुरुस्तीने नियम ४ मध्ये असं घातलं गेलं की पिशव्या, प्लास्टिक शीट, बहुस्तरीय वेष्टनं किंवा एकल वापराच्या वस्तूंवर बंदी घालणारी कोणतीही अधिसूचना, या अधिसूचनेनंतर निघाली तर, प्रसिद्धीपासून दहा वर्षांनी अमलात येईल.

राज्याची २०१८ची बंदी त्याआधीची, तिला धक्का नाही. पण आज कुणी नवी वस्तू बंद करायला निघालं, तर उत्पादकाचा वकील पहिल्याच दिवशी हे वाक्य वाचून दाखवेल.

विटावा_नाका

दादा, इथे थोडं असहमत. ते वाक्य केंद्राच्या नियमांत आहे, म्हणजे त्या नियमांखाली किंवा मूळ १९८६च्या अधिनियमाखाली निघणाऱ्या अधिसूचनेला ते लागू, असं वाचता येतं. राज्याचा २००६चा अधिनियम विधानमंडळाने केलेला स्वतंत्र कायदा आहे. केंद्राच्या नियमाने राज्याच्या अधिनियमाखालचा अधिकार दहा वर्षं गोठतो, हे मला पटत नाही.

कलम_वाचक

तुमचं वाचन शक्य आहे. दुसऱ्या बाजूला १९८६च्या अधिनियमाचं कलम २४ आहे. विसंगती असेल तर हा अधिनियम आणि त्याखालचे नियम इतर कायद्यांवर वरचढ, असं ते म्हणतं. आणि वाक्यात शब्द ‘कोणतीही अधिसूचना’ असा मोकळा आहे. कोण बरोबर हे न्यायालय ठरवेल, पण नेरुळकरांना निवेदन आत्ता द्यायचं आहे. ज्या मागणीचा पहिला मुक्काम उच्च न्यायालय असेल ती विभाग अधिकारी पुढे पाठवणार नाही. म्हणून ‘बंदी’ हा शब्द टाळून काम होत असेल तर टाळावा.

आणि नॉनवोव्हनसाठी २०१८ची मूळ अधिसूचना एकटी वाचू नका. तिच्यावर ११ एप्रिल आणि ३० जून २०१८ला, पुढे २०२२ मध्ये जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त्या झाल्या. निवेदनाला जोडायची ती सर्व दुरुस्त्यांसह असलेली प्रत. मूळ प्रत जोडली तर ‘हे बदललंय’ एवढा एकच शेरा मारून फाइल परत येते.

ओटला_परवाना

नेरुळ_पूर्व ताई किंवा दादा, तुमच्या मसुद्यात महापालिकेला तिच्याकडे नसलेला अधिकार वापरायला सांगितलं आहे. जो अधिकार तिच्याकडे पूर्णपणे आहे तो मागा, म्हणजे जागेची मालक म्हणून असलेला.

महापालिकेचे दैनंदिन बाजार, ओटले (विक्रेत्यांना बसायचे कट्टे), मैदानं, समाजमंदिरं, उद्यानांतले स्टॉल, गणेशोत्सव मंडपांची परवानगी, खाद्यमहोत्सव, प्रदर्शनं या सगळ्यांना महापालिका भाडेपट्ट्याने किंवा परवान्याने जागा देते. परवान्यात अट घालणं हा करार आहे. त्याला उपविधी लागत नाही, शासनाची मान्यता लागत नाही, दहा वर्षांच्या वाक्याचा प्रश्न येत नाही. नॉनवोव्हन, थर दिलेली कागदी पिशवी, पन्नास ग्रॅमच्या सॉसच्या पुड्या, जे नको ते त्या जागेपुरतं नको म्हणता येतं. अट मोडली तर उपाय अनामत कापणं आणि परवाना नूतनीकरण रोखणं. फौजदारी दंड इथे लावायचा नाही, तो राज्याच्या अधिसूचनेखालीच लागतो. दोन्ही एका पावतीवर लिहिले की दोन्ही अडचणीत येतात.

अट कशी लिहावी, तर साधारण अशी:

‘परवानाधारक सदर ओटल्यावर ग्राहकास कोणत्याही प्रकारची प्लास्टिक, नॉनवोव्हन पॉलिप्रॉपिलिन अथवा प्लास्टिक-थर असलेली पिशवी देणार नाही व ओटल्यावर अथवा त्याखालील जागेत तिचा साठा करणार नाही. पहिल्या भंगास लेखी समज, दुसऱ्या भंगास अनामत रकमेतून कपात, तिसऱ्या भंगास परवाना नूतनीकरणास अपात्रता. प्रत्येक भंगाची नोंद परवानाधारकाच्या सहीसह अथवा दोन साक्षीदारांसह केली जाईल.’

‘साठा’ हा शब्द गाळू नका. ओटल्यावर पिशवी दिसत नाही, ती खालच्या क्रेटमध्ये असते. आणि ‘कोणत्याही प्रकारची’ लिहिलं तरी दोन उदाहरणं द्या, नाहीतर नॉनवोव्हन कापडच आहे असा वाद होतो.

ही अट चालू परवान्यात मधेच घुसवता येत नाही. नूतनीकरणाच्या वेळी घालावी लागते, म्हणून निवेदन मालमत्ता किंवा परवाना विभागाच्या नावाने, नूतनीकरणाच्या किमान तीन महिने आधी जायला हवं. फक्त घनकचरा विभागाला दिलं तर ते पथकाच्या फेऱ्या वाढवू असं उत्तर देतील, आणि त्यांच्या परीने ते बरोबरच असेल. ठाण्यात हेच निवेदन प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांकडे द्यायचं, नवी मुंबईत विभाग अधिकाऱ्याकडे, दोन्हीकडे प्रत आयुक्तांना.

खासगी दुकानांना ही अट लागू होत नाही, हे दुकानदारांना बैठकीतच सांगा. गैरसमजातून निम्मा विरोध होतो. तुर्भ्याचं एपीएमसी मार्केटही यात येत नाही. ती बाजार समिती १९६३च्या कृषी उत्पन्न पणन अधिनियमाखालची, आवारातल्या अटींसाठी तिच्याकडे वेगळं पत्र. पण तिला विसरू मात्र नका, कारण नेरुळच्या ओटल्यावरचा भाजीवाला माल तुर्भ्याहून आणतो आणि पिशव्यांची बंडलंही तिकडच्याच फेरीत घेतो. ओटल्यावर पाच पिशव्या पकडण्यापेक्षा तिथलं एक गोदाम पकडणं खाडीच्या जास्त उपयोगाचं. गोदाम आणि कारखान्यासाठी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे, ठाणे आणि नवी मुंबईची कार्यालयं वेगवेगळी आहेत. रबाळे-महापे पट्टा नवी मुंबईकडे.

नेरुळ_पूर्व

खूप आभार. म्हणजे तिसरी आणि दुसरी मागणी काढतो आणि पहिलीचं रूप बदलून परवान्याची अट मागतो. दोन शंका उरल्या. सोसायटीने स्वतः ठराव केला तर तो चालतो का? आणि काही दुकानं ‘कम्पोस्टेबल’ लिहिलेल्या हिरव्या पिशव्या देतात, त्या आमच्या अटीत कुठे ठेवायच्या?

कलम_वाचक

सोसायटीचा सर्वसाधारण सभेचा ठराव सभासदांना आणि सामायिक जागेला लागू. कार्यक्रमाचा हॉल, गच्ची, गेटवरून येणारी घरपोच डिलिव्हरी यासाठी अट घालता येते. रखवालदाराने कुणाची झडती घ्यायची नाही. राज्याच्या अधिसूचनेखालचा दंडही सोसायटीला वसूल करता येत नाही, तो अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्यांनाच आहे.

दुकान कापडी पिशवीचे पैसे घेऊ शकतं, पण बिल करताना अचानक नाही. खरेदीआधी दिसेल असा फलक हवा. डिसेंबर २०२०मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने याच मुद्द्यावर ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला आहे. तुमच्या दहा रुपयांच्या कल्पनेतून जमण्यासारखं एवढंच उरतं.

फिल्म_गेज

कम्पोस्टेबलबद्दल सावध राहा. राज्याच्या अधिसूचनेत अशा पिशव्यांना सूट आहे ती रोपवाटिका, शेती आणि घनकचरा हाताळणीसाठी. भाजी भरून द्यायला नाही. म्हणून तुमच्या अटीतही ‘कम्पोस्टेबलसह’ हा शब्द घाला.

खरी कम्पोस्टेबल पिशवी ओळखायची तर तिच्यावर उत्पादकाचं नाव, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ‘कम्पोस्टेबल’ ही खूण हवी. कसोटी आयएस १७०८८ची. ‘बायोडिग्रेडेबल’ किंवा ‘ऑक्सो’ एवढंच छापलेलं असेल तर ती साधी पॉलिथिनची समजा. त्यात घातलेलं द्रव्य फिल्मचे फक्त बारीक तुकडे करतं.

आणि प्रमाणित पिशवीसुद्धा बाल्कनीतल्या कुंडीत विरघळेल ही अपेक्षा नको. तिची कसोटी ५८ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या खतढिगाची असते. घरच्या टोपलीत तेवढी उष्णता टिकत नाही, खाडीच्या पाण्यात तर नाहीच. ती सुक्या कचऱ्यातल्या पॉलिथिनमध्ये मिसळली तर पुनर्प्रक्रियेत वेगळ्या तापमानाला वितळते आणि दाण्यांत जळके ठिपके येतात, अख्खा लॉट उतरतो. सोसायटीत कुणी ओल्या कचऱ्यासाठी वापरत असेल तर ती महापालिकेच्या ओल्याच डब्यात जायला हवी.

विटावा_नाका

विटावा-दिघ्याच्या भाजीवाल्याचं उत्तर राहिलं म्हणून. राज्याची बंदी आणि दंड दोन्हीकडे एकच, त्यामुळे रस्त्यावर विकताना हद्द ओलांडली तरी त्याच्यासाठी काही बदलत नाही. फरक पडेल तो परवान्याच्या अटीत, आणि ती महापालिकेच्या ओटल्यावर बसणाऱ्यालाच.

पावती घेताना त्याने तीन गोष्टी पाहाव्यात: कुठल्या अधिसूचनेखाली दंड, अधिकाऱ्याचं नाव-पद, आणि जप्त मालाचं वजन. दुसरा गुन्हा धरून १०,००० मागितले तर पहिल्याची पावती कुठली ते विचारावं. पहिल्या पावतीवर नाव आणि जागा नीट नसेल तर दुसरा गुन्हा सिद्ध होत नाही. हे पथकालाही माहीत असायला हवं, नाहीतर खरा सराईत विक्रेता दर वेळी पहिल्याच गुन्ह्याचे ५,००० भरून सुटतो.

नेरुळकरांनी निवेदनासोबत एक माहिती अधिकाराचा अर्जही टाकावा, मालमत्ता विभागाकडे: नेरुळमधल्या ओटल्यांची संख्या, चालू परवान्यांची मुदत संपण्याची तारीख, आणि परवान्याच्या अटींची नमुना प्रत. उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत संपण्याची तारीख हातात आली की अट कुठल्या महिन्यात घालायची हे तुम्हीच त्यांना लिहून देऊ शकाल.